बालवाडीतला खेळ : अंगणापासून अंगणवाडीपर्यंत

धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात पांझरा नदीच्या काठी असलेल्या एका लहानशा गावात आम्ही विहिरींची पातळी मोजायला गेलो होतो. काळ्या खडकातील भूजल हा आमचा अभ्यासाचा विषय. लहान मुलांचे शिक्षण हा नव्हे. ज्यांच्याकडे विहिरीच्या खोलीची किल्ली होती ते गृहस्थ बाजाराला गेले होते. तेव्हा ते येईपर्यंत आम्ही समोरच्या अंगणवाडीच्या ओट्यावर टेकलो. जानेवारीचे ऊन होते. ओट्याखाली बांधकामासाठी आणलेल्या वाळूचा ढीग होता आणि त्यावर सात-आठ मुले होती, तीन ते सहा वर्षांची.

मुले नदी करत होती. एकाने नारळाच्या करवंटीने वाळूत लांब खाच ओढली. दुसऱ्याने पिण्याच्या पाण्याच्या पिंपातून भांडेभर पाणी आणून तीत ओतले. पाणी क्षणात नाहीसे झाले. पुन्हा आणले, पुन्हा नाहीसे झाले. मग एका मुलीने ओट्याच्या कडेची चिकण माती मूठ-मूठ आणून खाचेच्या तळाशी थापायला सुरुवात केली. तिला कोणी सांगितले नव्हते. तिचे पाहून आणखी दोघे माती आणू लागले. पाणी थोडे पुढे सरकले. आता आडवा बांध आला, बांधाला तोंड आले, तोंडातून दोन बारीक फाटे निघाले आणि फाट्यांच्या टोकांना पऱ्हाटीच्या काड्या रोवून 'वावर' तयार झाले. ज्या मुलांना आपण 'अजून काही कळत नाही' असे म्हणतो, त्यांनी वाळूचा पाझर आणि चिकण मातीची पाणी धरून ठेवण्याची क्षमता यांतला फरक अर्ध्या तासात शोधला आणि वापरलाही. पदवीच्या विद्यार्थ्यांना हाच फरक समजावून देताना आम्हाला दोन तासिका लागतात, हे जाता जाता कबूल करतो.

हातात नोंदवही होती, वेळ होता आणि सवय मोजण्याची. आम्हाला एक जुनी पद्धत आठवली. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात मिल्ड्रेड पार्टेन या संशोधिकेने बालशाळेतील मुलांच्या मोकळ्या खेळाचे निरीक्षण केले होते. तिचा निबंध १९३२ साली प्रसिद्ध झाला. एका मुलाकडे एक मिनिट पाहायचे, ते काय करते ते लिहायचे आणि पुढच्या मुलाकडे वळायचे, अशी तिची साधी रीत होती. दोन वर्षांपासून जवळजवळ पाच वर्षांपर्यंतच्या मुलांच्या अशा पुष्कळ नोंदी जमवून तिने सहा प्रकार पाडले : कशातच नसणे, एकट्याने खेळणे, नुसते पाहत राहणे, शेजारी बसून पण आपापले खेळणे, म्हणजे समांतर खेळ, एकमेकांत मिसळून पण समान हेतूशिवाय खेळणे, आणि शेवटी कामे वाटून घेऊन एकत्र खेळणे, म्हणजे सहकारी खेळ. वय वाढते तसे शेवटचे दोन प्रकार वाढतात, असे तिला दिसले.

आम्ही त्याप्रमाणे कागदावर सहा रकाने आखले. पुष्कळ मुले सहकारी खेळाच्या रकान्यात गेली. फक्त एक मुलगी, साधारण साडेचार वर्षांची, हात पाठीमागे बांधून बांधाजवळ उभी होती. माती आणत नव्हती, पाणी आणत नव्हती, बोलतही नव्हती. आम्ही तिच्या नावापुढे 'प्रेक्षक' अशी खूण केली. पुढच्या फेरीतही तीच, त्याच्या पुढच्या फेरीतही तीच. मनात थोडी कणवही आली. पोर बिचारी एकटी पडली आहे, असे वाटले.

इतक्यात बांधाशी बसलेल्या मुलाने वर बघून तिला विचारले, "सोडू का?" तिने एका फाट्याकडे पाहिले, दुसऱ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "आते सोड." अहिराणीत 'आते' म्हणजे आता. मुलाने बोटाने बांधाचे तोंड उघडले. पाणी एका वावरात गेले. थोड्या वेळाने ती पुन्हा म्हणाली, "तठे सोड." त्याने दुसरे तोंड उघडले.

अंगणवाडीच्या मदतनीस बाई हसल्या. "तिचा आजा पाटकरी होता ना," त्या म्हणाल्या.

आमच्या तीनही खुणा चुकल्या होत्या. ज्या मुलीला आम्ही खेळाबाहेर समजत होतो तिच्या हाती सगळा खेळ होता. उगाच हात घालायचा नाही, नजर ठेवायची आणि पाळी आली की सांगायचे, हेच तर पाटकऱ्याचे काम.

ज्यांना खानदेशची माहिती नाही अशा वाचकांसाठी थोडे सांगायला हवे. पांझरा आणि तिच्यासारख्या नद्यांवर काही शतकांपासून 'फड' नावाची सिंचनपद्धती चालत आली. नदीत दगडी बंधारा, त्यातून निघणारा पाट, पाटातून चाऱ्या आणि चाऱ्यांखाली जमिनीचे मोठमोठे फड. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे, पाण्याची पाळी ठरलेली, पाट व बंधारा यांची दुरुस्ती सर्वांनी मिळून करायची. पाणी सोडण्याचे काम पाटकऱ्याचे, राखणीचे काम जागल्याचे. दोघेही शेतकऱ्यांनीच नेमलेले. विहिरी, पंप आणि मोठी धरणे आल्यावर पुष्कळ ठिकाणी ही व्यवस्था मोडकळीला आली. ती त्या वाळूच्या ढिगावर, साडेचार वर्षांच्या मुलीच्या पाठीमागे बांधलेल्या हातांत, अजून शिल्लक होती.

त्या दिवसापासून आम्ही हा विषय वाचू लागलो. लहान मुलांनी एकत्र येऊन काहीतरी रचावे, ही गोष्ट शाळा नावाच्या संस्थेत कधी शिरली, कोणी शिरवली आणि कोणी बाहेर काढली, याचा इतिहास शिक्षकांनी वाचण्याजोगा आहे.

सुरुवात जर्मनीत होते आणि तीही एका स्फटिकांच्या संग्रहालयात. फ्रीडरिख फ्रेबेल (१७८२–१८५२) हा तरुणपणी बर्लिनच्या खनिज-संग्रहालयात ख्रिस्तियान वाइस या स्फटिकशास्त्रज्ञाच्या हाताखाली काम करत होता. ठरावीक आकारांच्या रचनेतून सृष्टीची घडण समजते, हा ध्यास त्याने तेथूनच घेतला असावा. पुढे १८३७ साली थुरिंजियातील ब्लांकेनबुर्ग गावी त्याने लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला 'किंडरगार्टन', म्हणजे मुलांची बाग, असे नाव दिले. त्याने मुलांना दिलेल्या साधनांना तो 'भेटी' म्हणे. पहिली भेट लोकरीच्या चेंडूंची. दुसरी लाकडी गोल, घन आणि दंडगोल यांची. तिसरी म्हणजे एक लाकडी घन, पण आठ लहान घनांत विभागलेला. मोडायचा, पाहायचा, पुन्हा जोडायचा. याबरोबर गोलात उभे राहून खेळायचे खेळ, गाणी आणि बागकाम. खेळ हे मुलाचे रिकामपण नसून त्याच्या वाढीचे मुख्य काम आहे, असे म्हणून त्यावर संस्था उभी करणारा हा पहिला मोठा माणूस.

त्याचे फळ काय मिळाले? १८५१ साली प्रशियाच्या सरकारने किंडरगार्टनवर बंदी घातली. फ्रेबेलच्या पुतण्याचे, कार्ल फ्रेबेलचे, विचार सरकारला क्रांतिकारक वाटत होते आणि अधिकाऱ्यांनी काका-पुतण्यांत घोळ घातला असे सांगतात. परंतु घोळ नसता तरी बंदी आलीच नसती, असे आम्हाला खात्रीने म्हणवत नाही. पाच वर्षांची मुले आपसात ठरवून काहीतरी करतात, हे दृश्य सत्तेला फारसे आवडत नाही. बंदी उठली १८६० मध्ये. तोपर्यंत फ्रेबेल वारला होता. त्याचे शिष्य आणि विशेषतः शिष्या देशोदेशी पांगल्या होत्या आणि त्यांच्याबरोबर किंडरगार्टनही पांगले. पण जाता जाता अनेक ठिकाणी त्याचा खेळ हरवला. 'भेटी' राहिल्या, पण त्या बाईंच्या हुकमावर, सर्वांनी एकाच वेळी, एकाच क्रमाने उघडायच्या झाल्या. साधन टिकते आणि आत्मा जातो, हे शिक्षणाच्या इतिहासात वारंवार दिसते.

दुसरा मोठा टप्पा मारिया माँटेसोरी यांचा. त्या डॉक्टर. ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांनी पहिले 'बालगृह' उघडले. मुलांच्या उंचीचे फर्निचर, हाताळण्याची साधने, आपल्या गतीने काम करण्याची मुभा आणि दूर बसून पाहणारी शिक्षिका, ही त्यांची देणगी फार मोठी आहे. परंतु एक गोष्ट आपल्याकडे कमी बोलली जाते. कल्पनेच्या खेळाला त्यांच्या पद्धतीत मानाचे पान नव्हते. मुलांपुढे सुंदर खेळणी ठेवली तरी ती शास्त्रशुद्ध साधनांकडेच वळली, असे त्यांनी लिहिले आहे. एकाग्रतेने, बहुधा एकट्याने, खरे काम करणारे मूल हे त्यांचे चित्र होते. अमेरिकेतील किलपॅट्रिक याने १९१४ सालीच या पद्धतीवर टीका केली, तीत हाच मुद्दा होता : सामूहिक आणि कल्पक खेळाला येथे वाव अपुरा आहे.

आपल्याकडे हे काम पोहोचले ते गुजरातमार्गे. गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) वकील होते. माँटेसोरींची पुस्तके वाचून त्यांनी वकिली सोडली आणि १९२० साली भावनगरला दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले. त्यांनी माँटेसोरी जशीच्या तशी घेतली नाही, ही आमच्या मते भारतीय बालशिक्षणातील सर्वांत शहाणपणाची घटना. माँटेसोरींना परीकथांबद्दल शंका होती. गिजुभाईंनी गोष्ट मध्यभागी आणली. नाटक आणले, लोकगीते आणली. मुले गोष्ट ऐकत आणि लगेच उठून ती करू लागत. नाटक एकट्याने होत नाही, त्याला वाघही लागतो आणि शेळीही लागते. म्हणजे एकट्याच्या एकाग्रतेबरोबर गटाचा खेळ बालमंदिरात शिरला तो या दाराने. योग असा की जून १९३९ मध्ये गिजुभाई गेले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस माँटेसोरीबाई स्वतः भारतात अड्यारला आल्या.

भावनगरला गिजुभाईंना येऊन मिळाल्या ताराबाई मोडक (१८९२–१९७३). राजकोटच्या अध्यापिका विद्यालयाचे प्राचार्यपद त्यांनी भूषवले होते. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला आणि १९३६ साली ताराबाईंनी मुंबईत दादरला शिशुविहार सुरू केले. येथवरची कथा शहराची, शिकलेल्या मध्यमवर्गाची आहे. महाराष्ट्रात बालवाडी हा शब्द आज ज्या अर्थाने समजतो तो अर्थ मिळाला बोर्डीला.

१९४५ साली ताराबाई ठाणे जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यातील, बोर्डी गावी ग्रामबालशिक्षा केंद्र काढून बसल्या. त्यांच्या हाताखाली, पुढे बरोबरीने, अनुताई वाघ (१९१०–१९९२) होत्या. केंद्र उघडले आणि जी मुले यायला हवी होती तीच येईनात. कोणी धाकट्या भावंडांना सांभाळत होते, कोणी गुरांमागे होते, काहींना गावाच्या त्या भागात यायलाच संकोच होता. तेव्हा या बायांनी शाळा उचलली आणि हरिजनवाड्यात, घरांसमोरच्या अंगणात नेऊन मांडली. अंगणात भरणारी बालवाडी ती अंगणवाडी. आज देशभर सरकारी पाटीवर दिसणारा शब्द असा एका अडचणीतून जन्मला.

अंगणात गेल्यावर आपोआपच काही गोष्टी बदलल्या. महागडी लाकडी साधने परवडणारी नव्हती. शिंपले, बिया, दगड, पाने, माती, बांबू ही साधने झाली. १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे वारली मुलांसाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र असलेली विकासवाडी उभी राहिली आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली गेली. शिंपल्यांचा एक गुण असा की त्यांचा 'बरोबर' क्रम ठरलेला नसतो. आठ घनांचा घन एकाच प्रकारे पुरा होतो. शिंपल्यांचे काय करायचे ते चार मुलांनी बसून ठरवावे लागते. गरिबीतून आलेल्या साधनांनी खेळाला अधिक मोकळीक दिली, हा योगायोग असेल, पण तो लक्षात ठेवण्यासारखा आहे.

आता खानदेशाकडे येऊ. येथील अंगण कधी रिकामे नव्हते. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत जळगाव-धुळ्याकडे गुलाबाई बसते. मातीची गुलाबाई आणि गुलोजी मांडून मुली महिनाभर संध्याकाळी घरोघर जमतात, टिपऱ्यांवर गाणी म्हणतात आणि शेवटी खिरापत ओळखतात. घरची मुलगी झाकलेला डबा आणते, तो हलवून दाखवते, आवाज ऐकवते आणि बाकीच्या तर्क करतात. गोड की तिखट? कोरडे की ओले? खुळखुळते की थपथपते? एकीचा तर्क चुकला की दुसरी तो बाद धरून पुढचा करते. प्रयोगशाळेत बंद डब्यातली वस्तू ओळखण्याचा प्रयोग आम्ही विज्ञानशिक्षकांच्या शिबिरात करून घेतो तेव्हा खानदेशातल्या शिक्षिका आपसात हसतात. त्यांनी तो फ्रॉकच्या वयात केलेला असतो.

पण आमचे लक्ष वेधले ते दुसऱ्या एका गोष्टीने. गुलाबाईच्या घोळक्यात बारा वर्षांची मुलगी असते आणि तिच्या कडेवर किंवा बोटाला धरून आलेली तीन वर्षांची बहीणही असते. धाकटीला गाण्याचे शब्द येत नाहीत, ती फक्त शेवटचा सूर धरते. पुढच्या वर्षी तिला एक ओळ येते. खिरापत ओळखताना ती वेडेवाकडे काहीतरी सांगते आणि तेही ऐकून घेतले जाते. आखाजीच्या झोक्यांवर हेच, भातुकलीत हेच. अंगणाचा खेळ मिश्र वयाचा असतो. एकाच वयाची तीस मुले एका खोलीत बसवणे ही शाळेची सोय आहे, निसर्गाची रीत नव्हे.

याचे मोल ज्याने नेमके सांगितले तो रशियन मानसशास्त्रज्ञ लेव विगोत्स्की. १९३३ साली त्याने लेनिनग्राडला खेळावर एक व्याख्यान दिले. पुढच्याच वर्षी क्षयाने, वयाच्या सदतिसाव्या वर्षी तो वारला. व्याख्यान छापून आले १९६६ मध्ये. त्यात त्याने एक छोटे उदाहरण घेतले आहे, मूळ जेम्स सली या इंग्रज अभ्यासकाचे. पाच आणि सात वर्षांच्या दोन सख्ख्या बहिणी 'चल, आपण बहिणी-बहिणी खेळू' असे म्हणतात. आता, त्या बहिणी आहेतच की! मग खेळायचे काय? विगोत्स्की म्हणतो, एरवी त्या बहिणी असतात पण बहीण असणे म्हणजे काय याचा विचार करत नाहीत. खेळात मात्र बहीण कशी वागते याचा नियम त्यांना समोर ठेवावा लागतो. सारखे कपडे घालायचे, हात धरायचा, परक्यांपासून वेगळे राहायचे. म्हणजे कल्पनेचा खेळ मोकाट नसतो. त्यात नियम असतो आणि तो मुलांनी स्वतःहून पत्करलेला असतो. म्हणून खेळात मूल आपल्या रोजच्या वागण्यापेक्षा जणू डोकेभर उंच असते.

आमच्या पाटकरीण मुलीचे हात पाठीमागे का होते ते हे वाचल्यावर नीट उमगले. साडेचार वर्षांच्या मुलीला ओल्या वाळूत हात घालण्याचा मोह नसेल का? पण पाटकरी हात घालत नाही. तो मोह आवरायला तिला कोणा बाईंनी सांगितले असते तर ती किती मिनिटे थांबली असती?

पार्टेनच्या सहा रकान्यांवरही नंतरच्या अभ्यासकांनी प्रश्न उभे केले. समांतर खेळ ही एक मागे पडणारी पायरी आहे असे तिच्या मांडणीवरून वाटे. १९८० साली बेकमन आणि ब्राउनली यांनी मुलांच्या खेळाचे क्षणाक्षणाचे क्रम तपासले तेव्हा दिसले की मुले आधी दुसऱ्यांशेजारी आपले खेळत बसतात आणि मग त्यातूनच गटात सरकतात. समांतर खेळ म्हणजे खेळात शिरण्याचे दार. ज्या शिक्षिका 'तो एकटाच बसतो' म्हणून मुलाला हाताला धरून गटात बसवतात, त्यांनी हे ध्यानात घ्यावे. कदाचित ते मूल उंबऱ्यावर उभे असते.

येथे भाषेचा प्रश्न येतो, आणि खानदेशात तो टाळता येत नाही. ग्रिअर्सनने आपल्या भाषासर्वेक्षणात खानदेशीला १९०७ साली छापलेल्या खंडात भिल्ली भाषांबरोबर घातले. त्याच्या आदल्याच वर्षी, १९०६ मध्ये, सरकारने खानदेश जिल्हा तोडून पूर्व आणि पश्चिम असे दोन केले होते. तेच पुढे जळगाव आणि धुळे झाले आणि धुळ्यातून १९९८ साली नंदुरबार निघाले. नकाशा बदलला तरी घरात अहिराणी राहिली. कोठे तावडी, कोठे लेवा, कोठे पावरी, कोठे भिल्ली. साक्रीच्या त्या वाळूवर सगळा खेळ अहिराणीत चालला होता. घंटा झाली, मुले आत गेली, ओळीत बसली आणि ताईंनी प्रमाण मराठीत चित्र दाखवून विचारले, "हे काय आहे?" बांधाचे तोंड उघडणारा मुलगा गप्प. पाटकरीणही गप्प. ज्याला आम्ही 'मुलांना बोलता येत नाही' म्हणतो ते बरेचदा असे असते. एकत्र खेळ बोलण्यावर चालतो : तू हो, मी होतो, हे पाणी समज, ते वावर समज. ही 'समज' मायबोलीतच होते. कोसबाडच्या कामात मुलांच्या घरच्या बोलीला जागा होती, आणि ती केवळ प्रेमापोटी नव्हती.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशात ३३ प्रकल्पांपासून सुरू झाली. ताराबाईंचा शब्द तिने उचलला. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पोषण व आरोग्याचे शिक्षण आणि शाळापूर्व शिक्षण अशा सहा सेवा एका ताईच्या पदरात आल्या. यांतल्या पहिल्या पाचांची नोंद आकड्यांत होते. वजन किलोग्रॅममध्ये, डोस संख्येत, आहार लाभार्थ्यांत. सहावीची नोंद कशात करायची? जे मोजता येते ते आधी केले जाते, याबद्दल ताईला दोष देण्यात अर्थ नाही. आम्ही शास्त्रज्ञही तसेच वागतो.

दरम्यान गावात पिवळी गाडी येऊ लागली. तालुक्याच्या इंग्रजी शाळेत तीन वर्षांच्या मुलाला टाय बांधून नेणारी ती गाडी. अंगणवाडीतून मुले गळू लागली, तेव्हा ताईंनीही पाट्या काढल्या आणि अक्षरे गिरवून घेऊ लागल्या. यशपाल समितीने १९९३ साली शिशुवर्गाच्या प्रवेशासाठी चाचण्या व मुलाखती बंद कराव्यात असे म्हटले होते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानला आणि २०२२ च्या अभ्यासक्रम आराखड्याने त्यात खेळ मध्यभागी ठेवला. कागदावर फ्रेबेल जिंकला आहे. पालकसभेत मात्र प्रश्न एकच असतो, आणि तो न्याय्यही आहे. मजुरी करणारी आई विचारते, "खेळायला तो घरीही खेळतो. तुम्ही शिकवता काय?"

या आईला उत्तर देताना आपण विज्ञानाच्या नावावर जास्तीचे बोलू नये. खेळाने बुद्धी वाढते, असे भाषणात ठोकून दिले जाते. २०१३ साली अँजेलिन लिलार्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी कल्पनेच्या खेळावरील संशोधनाचा कसून आढावा घेतला, तेव्हा अशा अनेक दाव्यांना कार्यकारणाचा पुरावा दुबळा असल्याचे दिसले. खेळणारी मुले पुढे चांगली निघाली, म्हणून ती खेळामुळेच तशी निघाली असे होत नाही. कदाचित चांगल्या घरची, चांगल्या शिक्षिकेची मुले अधिक खेळतात. दुसऱ्या बाजूला अमेरिकेतील यप्सिलांती गावचा प्रयोग आहे. १९६७ पासून तेथे ६८ गरीब मुलांना चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन प्रकारच्या बालशाळांत घातले : एकीत शिक्षिकेने थेट पाठ द्यायचे, दोहोंत मुलांनी आपला उद्योग बऱ्याच अंशी आपण ठरवायचा. बुद्धिमापनात तिन्हींची सुरुवातीची वाढ सारखीच होती. म्हणजे पाठ देणाऱ्या शाळेने अभ्यासात पुढे नेले असे झाले नाही. मात्र तेविसाव्या वर्षी पाहिले तेव्हा थेट पाठ घेतलेल्या गटात पोलिसांनी गंभीर गुन्ह्यासाठी पकडण्याचे प्रकार अधिक होते. गट लहान, त्यामुळे या निष्कर्षावर वादही झाले. आम्ही त्यातून एवढेच घेतो की तिसऱ्या वर्षी अक्षरे गिरवून घेतल्याने मूल पुढे जाते, याचाही पुरावा आपल्याजवळ नाही. मग ज्यात मूल स्वतःहून अर्धा तास मोह आवरते, दुसऱ्याचे ऐकते, हरलेला डाव पुन्हा मांडते, ते काढून टाकण्याचे कारण काय?

पावसाळ्यानंतर आम्ही विहिरींसाठी पुन्हा त्या गावी गेलो. वाळूचा ढीग नव्हता. खोलीचे बांधकाम पुरे झाले होते. भिंतीवर अक्षरांचा रंगीत तक्ता होता. पाटकरीण पहिलीत गेली होती. ताईंना आम्ही मागच्या खेपेची हकीकत सांगितली आणि आमच्या चुकलेल्या तीन खुणांचा कागदही दाखवला. त्या कागद बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "सर, आमच्याकडं असं कोणी विचारतच नाही. वजन किती, हजर किती, एवढंच." पुढे त्यांनी एक व्यावहारिक अडचण सांगितली. मुले पिण्याच्या पिंपातले पाणी खेळायला घेतात आणि त्यावरून बोलणी खावी लागतात. आम्ही सुचवले की हात धुण्याचे पाणी एका जुन्या डब्यात साठवावे, ते खेळाला द्यावे आणि नदीवरून दोन पाट्या वाळू आणावी. वाळू आणायला कोणाला सांगायचे, हे मदतनीस बाईंनी लगेच ठरवले.

मग प्रश्न आला नोंदीचा. 'शाळापूर्व शिक्षण' या मथळ्याखाली रोज एक ओळ लिहायची असते. तेथे गाणी, गोष्ट, अंक, रंग असे शब्द लिहिलेले होते. ताईंनी विचारले, "यात काय लिहू? वाळूकाम लिहू का?" आम्ही म्हटले, मुले काय म्हणाली ते लिहा. त्या म्हणाल्या, "ते तर अहिराणीत बोलतात." आम्ही म्हटले, अहिराणीतच लिहा.

त्यांनी पेन हातात घेतले, थोडा विचार केला आणि निघताना आम्हाला विचारून घेतले की एका मुलाकडे पाहायचे ते नक्की एकच मिनिट ना, आणि घड्याळ नसेल तर मनात साठपर्यंत मोजले तर चालेल का. आम्ही म्हटले, चालेल. आमच्याकडचा रकाने आखलेला कोरा कागद त्यांना दिला. 'प्रेक्षक' या रकान्याखाली मात्र पेन्सिलीने एक प्रश्नचिन्ह काढून ठेवले.